पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचंय? आधी डिलको बघा

प्रश्न थोडक्यात असा: सत्तरच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, मूळ पॉइंटवाला डिलको (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग), इंजिन तसं तंदुरुस्त. ट्रॅफिकमध्ये गाडी गरम झाली की मिसिंग सुरू होतं, कधी सिग्नलला बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये सल्ला मिळालाय की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाका, सोबत ‘स्पोर्ट्स’, म्हणजे जास्त ताकदीची, कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजपासून ठिणगीचं व्होल्टेज बनवणारा भाग) घ्या. करावं का, आणि करायचं तर काय काय बदलावं?

किट जरूर बसवा, पण आधी सध्याचा दोष शोधा. आणि ती कॉइल घेऊ नका. किट फक्त पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) यांची जागा घेतं. डिलकोचा शाफ्ट, बुश, अॅडव्हान्सची, म्हणजे आरपीएम वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं, रोटर (ठिणगी वाटणारं फिरतं टोक), कॅप, कॉइल, वायरिंग, प्लग हे सगळं जुनंच राहतं. तुमचा बिघाड यातल्या एखाद्या भागात असेल तर नव्या किटनंतरही गाडी त्याच सिग्नलला बंद पडेल, आणि तेव्हा दोष किटचा की गाडीचा हे शोधणं दुप्पट अवघड होईल.

गरम झाल्यावर बंद का पडते

पद्मिनीत याची नेहमीची कारणं चार: कंडेन्सर, कॉइल, रोटर आणि पेट्रोलचा व्हेपर लॉक (उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं). शेवटचं कारण इग्निशनचं नाहीच, पण लक्षणं हुबेहूब तीच. म्हणून गाडी बंद पडेल त्याच क्षणी तपासायचं. थंड झाल्यावर सगळंच ठीक दिसतं.

डिकीत एक जादा प्लग आणि ३ ते ५ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प ठेवा. गाडी बंद पडली की एका सिलिंडरची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या चांगल्या अर्थला (उघड्या धातूला) घट्ट टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटरच्या आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी बघा. निळसर, खणखणीत ठिणगी नियमित पडत असेल तर इग्निशन सोडा आणि पेट्रोल पंप-कार्बोरेटरकडे वळा. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, तर व्हेपर लॉकच समजा. त्यावर कोणतंही इग्निशन किट चालणार नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घेणं आणि पंपाखाली उष्णता अडवणारी पॅकिंग टाकणं हे त्याचे उपाय.

ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला आणि दुसरं कॉइलच्या प्लसला लावा. दिवा लागला नाही, तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर. लागला, तर तेच टोक कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडे असताना लागतो, बंद असताना विझतो. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, म्हणजे घाण, चुकीचा गॅप किंवा ब्रेकर प्लेटच्या (पॉइंट बसवलेल्या चकतीच्या) अर्थची विणलेली छोटी वायर तुटलेली. सतत विझलेला राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, कंडेन्सर शॉर्ट झालाय किंवा कॉइलचं प्रायमरी गुंडाळं तुटलंय. दिवा व्यवस्थित लुकलुकतो आणि तरी ठिणगी नाही किंवा पिवळट आणि मरतुकडी आहे, तर संशय कंडेन्सर, कॉइलचं सेकंडरी आणि रोटर यांच्यावर.

रोटरकडे कोणी बघत नाही, म्हणून त्याची चाचणी सांगतो. कॅप काढा, कॉइलची मधली वायर कॅपमधून उपसा आणि तिचं टोक इन्शुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून ५-६ मिमीवर धरा. चावी चालू ठेवून पॉइंट लाकडी काडीने उघडझाप करा. रोटर चांगला असेल तर ठिणगीला जायला वाटच नाही, एखादी बारीक चमक सोडून काही दिसणार नाही. प्रत्येक वेळी ठिणगी पट्टीवर उडत असेल तर रोटर आतून फुटलाय आणि वीज शाफ्टमधून अर्थला जातेय. ज्या रोटरची पितळी पट्टी मध्यभागी रिव्हेटने ठोकलेली असते, त्यात रिव्हेट आणि खालचा शाफ्ट यांच्यामध्ये बॅकेलाइटचा अगदी पातळ थर उरतो. गरम झाल्यावर नेमका तोच फुटतो. रिव्हेट नसलेला, चांगल्या जाडीचा रोटर मिळाला तर तोच घ्या.

कंडेन्सरची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते आणि ती मोजणारे मल्टीमीटर हल्ली सहज मिळतात. पण थंड कंडेन्सर बरोबर आकडा दाखवतो आणि ७०-८० अंशांवर गळतो, असं नेहमी घडतं. शंका असेल तर सरळ बदला. पॉइंटकडे बघूनही कळतं: एका टोकावर खड्डा आणि समोर टेकाड तयार होत असेल, पॉइंट काळे-निळे पडत असतील, तर कंडेन्सर काम करत नाही.

आता डिलको: सगळी मेहनत इथे करा

पद्मिनीच्या डिलकोने आजवर लाखभर किलोमीटर तरी केलेले असतात. शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो तो झिजतो आणि शाफ्ट बाजूला हलायला लागतो. पॉइंटचा गॅप किती असतो बघा: ल्यूकस पद्धतीच्या जुन्या डिलकोला ०.३५ ते ०.४० मिमी, मारेल्ली पद्धतीच्या डिलकोला ०.४२ ते ०.४८ मिमी. शाफ्ट ०.१० मिमी जरी हलला तरी गॅपचा चौथा हिस्सा हलला. ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहण्याचा कोन, या चार सिलिंडरच्या डिलकोंना सुमारे ६० अंश असतो, आणि ड्वेल १ अंशाने बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, क्रँकवर १ अंशाने बदलतं. झिजलेल्या बुशवर प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळतं. स्लो चालताना गाडी थरथरते आणि माणूस कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो.

रोटर काढून शाफ्टचं टोक बोटांनी आडवं हलवून बघा. हाताला खट्ट जाणवलं तर बुश गेला. मोजायचं असेल तर ड्वेल मीटर लावा: आयडलला आणि २,००० आरपीएमला ड्वेलमध्ये ३ अंशांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर बुश बदला. किटमध्ये पॉइंटऐवजी असलेल्या चुंबकाच्या सेन्सरला ही हालचाल पॉइंटपेक्षा कमी बाधते, हे खरं. ‘किट टाकलं की बुशचं काम वाचतं’ हा समज त्यातूनच आलाय. पण चुंबकाची रिंग त्याच शाफ्टवर बसते. शाफ्ट डगमगला की रिंगही डगमगते, टायमिंग इकडेतिकडे होतंच, आणि झीज फार असेल तर रिंग सेन्सरला घासते. मग सेन्सर मेला.

बुश सछिद्र ब्राँझचे असतात. दाबून बसवण्याआधी नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. त्याच्या छिद्रांत शिरलेलं तेलच पुढे त्याचं वंगण. लेथवाल्याला आधीच सांगा की बसवल्यावर आतून रीमर फिरवताना कमीत कमी मटेरियल काढा, नाहीतर छिद्रं बुजतात आणि बुश कोरडा चालतो. शाफ्टवरच खाच पडली असेल तर नुसता बुश बदलून उपयोग नाही. शाफ्टही बदलावा लागतो किंवा दुसरा डिलको शोधावा लागतो. खालची गिअर किंवा डॉगची पिन काढण्याआधी ती शाफ्टवर कोणत्या बाजूने होती याची खूण करा. १८० अंशांनी उलटी बसली तर रोटर विरुद्ध सिलिंडरकडे तोंड करेल.

डिलको उघडलाच आहे तर ब्रेकर प्लेटखालची दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा स्वच्छ करा. वर्षांनुवर्षांचं ग्रीस तिथे सुकून डिंकासारखं होतं आणि वजनं अर्धवट उघडतात किंवा उघडून परत येत नाहीत. पहिल्या दोषात पिकअप मरतो, दुसऱ्यात आयडल चढा राहतो. रॉकेलने धुवा, वजनांच्या खुंट्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने पिळून सोडला की लगेच मागे आला पाहिजे. दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतील तर ‘एक चुकीची आहे’ म्हणून बदलू नका. बऱ्याच डिलकोंत एक स्प्रिंग मुद्दाम सैल असते आणि ती वरच्या आरपीएमलाच कामाला येते. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची डबी असेल तर तिच्या नळीतून तोंडाने हवा ओढा: प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने भोक बंद केल्यावर तशीच राहिली पाहिजे. मागे आली तर पडदा फाटलाय.

कॅपमध्ये मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर आतबाहेर होतो ना बघा. आतल्या बाजूला एका टर्मिनलपासून दुसऱ्याकडे गेलेली बारीक काळी रेघ दिसली तर कॅप फेकून द्या. ती रेघ पुसली तरी जात नाही, आणि पहिल्या पावसात गाडी बंद पाडायला तेवढी पुरते.

कॉइल: ‘जास्त ताकदीची’ का नको

आकडे मांडले की हे स्पष्ट होतं. चार सिलिंडरच्या इंजिनला १,००० आरपीएमवर सेकंदाला ३३ ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये ३० मिलिसेकंद. ड्वेल ६० अंश धरला तर कॉइल भरायला त्यातले २० मिलिसेकंद मिळतात. ४,५०० आरपीएमवर सेकंदाला १५० ठिणग्या आणि कॉइलला सुमारे ४.४ मिलिसेकंद. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन याच्या पुढे क्वचितच जातं. साध्या ३ ओहमच्या तेलभरल्या कॉइलला तेवढ्यात कामापुरतं भरता येतं. कमी ओहमच्या झटपट भरणाऱ्या कॉइली सहा-आठ सिलिंडरच्या किंवा ७,००० आरपीएमला पळणाऱ्या इंजिनांसाठी आहेत. या गाडीत त्यांचा फायदा शून्य आहे.

तोटा मात्र मोठा. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. १.५ ओहमच्या कॉइलमधून ८, आणि बॅटरी चार्ज होत असताना ९ च्या पुढे. साध्या दोन-वायरवाल्या मॉड्यूलला (किटच्या इलेक्ट्रॉनिक भागाला) करंट मर्यादित करणारं सर्किट नसतं, ड्वेल चुंबकाच्या मांडणीनेच ठरलेला असतो. सिग्नलला आयडलवर उभ्या गाडीत हा सगळा करंट कॉइल आणि मॉड्यूल तापवण्यात जातो. ‘इलेक्ट्रॉनिक किट टिकत नाहीत, वर्षात जळतात’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा हीच जोडी असते: साधं मॉड्यूल आणि कमी ओहमची कॉइल.

म्हणून कॉइल विकत घेताना मल्टीमीटर सोबत न्या. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरचा स्वतःचा आकडा बघा, तो ०.२ ते ०.५ ओहम येतो. तो वजा करून प्लस-मायनसमध्ये ३.० ते ३.५ ओहम आलं पाहिजे. मधलं टर्मिनल आणि प्लस यांत साधारण ६ ते १२ किलोओहम. बाहेर लिहिलेल्या नावावर विसंबू नका, जुन्या लेबलाच्या नकली कॉइली बाजारात भरपूर आहेत. गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला मिळणारं व्होल्टेज कमी करणारा भाग) किंवा रेझिस्टन्सची वायर असेल, म्हणजे चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसला ६-८ व्होल्टच येत असतील, तर ती कॉइल १.५ ओहमची जोडीतली आहे. अशा वेळी दोन्ही काढून सरळ ३ ओहमची कॉइल पूर्ण १२ व्होल्टवर चालवणं मला जास्त योग्य वाटतं. एक सांधा कमी होतो आणि मॉड्यूलला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचा मायनस डिलकोकडे, प्लस स्विचकडे. उलटं जोडलं तरी गाडी चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण तेव्हा ठिणगीला प्लगच्या थंड बाजूकडून उडी मारावी लागते आणि त्यासाठी साधारण १५ ते ३० टक्के जास्त व्होल्टेज लागतं. गरम इंजिनवर आणि पावसाळ्यात तोच फरक नडतो. इतर जुन्या गाड्यांवर, विशेषतः डायनॅमोवाल्या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांवर, किट बसवणाऱ्यांनी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी बघावं. चुकीच्या अर्थवर मॉड्यूल पहिल्याच चावीला जळतं.

कोणतं किट

तीन प्रकार प्रत्यक्षात मिळतात. पहिला: पॉइंट तसेच ठेवून त्यांचा करंट ट्रान्झिस्टरवर घेणारा डबा. पॉइंटमधून जेमतेम पाव अँपिअर जातो, ते जळत नाहीत, मात्र त्यांचा फायबरचा ठोकळा झिजतच राहतो. डबा गेला तर दोन वायरी बदलून पुन्हा जुन्या पद्धतीवर येता येतं, हा याचा मोठा गुण. त्यासाठी जुना कंडेन्सर जवळ असला पाहिजे. दुसरा: चुंबकाची रिंग आणि हॉल सेन्सर (चुंबक समोर आला की इशारा देणारा), सगळं कॅपखाली लपतं. अमेरिकेतलं पर्ट्रॉनिक्स आणि ब्रिटनमधली काही किटं याच पद्धतीची आहेत. तिसरा: प्रकाशकिरण तोडणारी चकती, ब्रिटिश ल्युमेनिशनसारखी. ही अचूक असते, पण आपल्याकडच्या धुळीत आणि तेलकट वाफेत तिची भिंगं साफ ठेवावी लागतात. याशिवाय नेदरलँड्सचं १२३ इग्निशन आहे, तो पूर्ण नवा डिलकोच असतो, अॅडव्हान्सची वक्ररेषाही त्यात इलेक्ट्रॉनिक. बुश-शाफ्ट पार गेलेल्या, महागड्या गाडीला तो पर्याय योग्य.

पद्मिनीसाठी माझी पसंती हॉल सेन्सरला, एका अटीवर: किट तुमच्या डिलकोच्या नेमक्या मॉडेलचं असावं. पद्मिनीच्या आयुष्यात वेगवेगळ्या बनावटीचे डिलको लागले, आणि पन्नास वर्षांत आधीच्या मालकांनी ते बदललेलेही असतात. डिलकोच्या बॉडीवर ठोकलेला नंबर वाचा, गाडीचं नाव सांगून किट मागवू नका. कॅममध्ये फरक असेल तर रिंग एकतर बसत नाही किंवा सैल बसून फिरते. दुचाकींच्या सीडीआयवर (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनवर) आधारलेली जुगाडं टाळा. सीडीआयची ठिणगी जोरकस पण क्षणिक असते, कॉइलची साधी ठिणगी १ ते २ मिलिसेकंद टिकते. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण सगळीकडे सारखं नसतं, तिथे टिकणारी ठिणगी हवी. ई२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) कार्बोरेटरच्या जुन्या जेटवरचं मिश्रण आणखी पातळ होतं, त्यामुळे हा मुद्दा आता जास्त लागू आहे.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचे केंद्राचे २०२१ चे नियम मूळ स्वरूप जपलेल्या गाडीसाठी आहेत. कॅपखालचं मॉड्यूल त्यात अडचण करू नये, तरी डिलकोच्या बॉडीला भोकं पाडू नका, प्लेट कापू नका. जे काढाल ते परत बसवता आलं पाहिजे.

बसवण्याचा क्रम

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. एक नंबरचा सिलिंडर, म्हणजे रेडिएटरकडचा, कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, पुलीची खूण जुळवा आणि रोटरचं तोंड डिलकोच्या बॉडीवर कुठे येतं तिथे खूण करा. डिलको इंजिनवरून काढत असाल तर बॉडी आणि ब्लॉक यांवरही रेघ मारा. कॅपमधल्या वायरींवर नंबर चिकटवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, ती रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मोजायची.

पॉइंट आणि कंडेन्सर काढा. प्लेट पेट्रोलने पुसून मॉड्यूल बसतं तिथला धातू चकचकीत करा, किटसोबतची पांढरी हीट पेस्ट पातळ लावा. मॉड्यूलला अर्थ याच प्लेटमधून मिळतो, आणि प्लेट तरंगती असते. म्हणून प्लेट आणि डिलकोच्या बॉडीमधली ती विणलेली अर्थ वायर नवीनच टाका. ती इतकी मऊ हवी की व्हॅक्यूमने प्लेट सरकताना ताणली जाणार नाही. आयडलला ठीक आणि अॅक्सिलरेटर दिला की मिसिंग, असं दिसलं तर हीच वायर आधी बघा.

चुंबकाची रिंग कॅमवर पूर्ण खाली दाबा, मग रोटर. रिंग अर्धवट राहिली तर रोटर वर उचलला जातो आणि कॅपचा कार्बन तुकडा फोडतो. सेन्सर आणि रिंग यांत किटवाल्याने सांगितलेलं अंतर ठेवा, साधारण ०.७५ मिमी असतं. ते मोजायला प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी फीलर गेज चुंबकाला चिकटून चुकीचा आकडा देतं. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून काही घासत नाही याची खात्री करा. मॉड्यूलच्या वायरी शाफ्टपासून दूर, पण प्लेट सरकायला थोडी ढील ठेवून बाहेर काढा. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. जुना कंडेन्सर कॉइलच्या मायनसला लटकत ठेवू नका.

प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या असतील तर बदला. त्यातून होणारा रेडिओलहरींचा गोंगाट मॉड्यूलला चुकीचे इशारे देतो. कार्बन कोअरच्या किंवा गुंडाळलेल्या तारेच्या वायरी घ्या, किंवा ५ किलोओहमच्या प्लग कॅप लावा. प्लगचा गॅप पॉइंट असताना ०.६ मिमी ठेवत असाल तर आता ०.७, फार तर ०.८. एक मिमीवर नेऊ नका, जुन्या कॅप-रोटरवर तेवढा ताण टाकला की ठिणगी कॅपच्या आतच मार्ग शोधते. हेड अॅल्युमिनियमचं आहे: प्लग थंड इंजिनवर, हाताने पूर्ण आत नेऊन मगच २५ ते ३० न्यूटन-मीटरने घट्ट करा, आणि आट्याची लांबी मूळ प्लगइतकीच घ्या.

व्होल्टेज

पॉइंट ९ व्होल्टवरही कुरकुरत चालतात, बरीच मॉड्यूलं ८-९ च्या खाली बंद होतात. थंड सकाळी सेल्फ मारताना बॅटरी साडेदहावर येते, आणि त्यापुढे जुना इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्सच्या गंजलेल्या पट्ट्या, पन्नास वर्षांच्या वायरी दीड-दोन व्होल्ट खातात. मग सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उचलत नाही, आणि चावी सोडता सोडता अचानक सुरू होते. हे लक्षण दिसलं की मॉड्यूल दोषी नाही, व्होल्टेज कमी पडतंय. सेल्फ मारताना बॅटरीवर आणि कॉइलच्या प्लसवर मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. चालत्या गाडीतही हे महत्त्वाचं: कॉइलला १२ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले तर करंट ४ वरून ३.५ वर येतो, आणि ठिणगीची ऊर्जा करंटच्या वर्गाने घटत असल्यामुळे ती पाऊणपटच उरते. डायनॅमोवाल्या गाड्यांत आयडलला चार्जिंग होतच नाही. रात्री हेडलाइट-वायपर चालू असताना सिग्नलला होणारं मिसिंग बहुधा यातूनच येतं.

उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठी लाइन जोडणारा स्विच. बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून कॉइलच्या प्लसला आणि मॉड्यूलच्या लाल वायरला. स्विचवरून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला. वायर किमान १.५ चौरस मिमीची, लग क्रिम्प करून. नुसत्या पिळलेल्या आणि टेप मारलेल्या जोडांवर हे काम करू नका.

अल्टरनेटर असेल तर एक खोड निघते. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, कारण चार्जिंगच्या दिव्यातून उलटा येणारा करंट रिलेला धरून ठेवतो. त्या दिव्याच्या वायरमध्ये १एन४००१ डायोड घाला, त्याची पट्टी असलेली बाजू अल्टरनेटरकडे.

टायमिंग

किटनंतर टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. सेन्सरचा बिंदू पॉइंट उघडण्याच्या बिंदूशी जुळत नाही, कधी दहा-दहा अंशांचा फरक पडतो. खुणा जुळवून गाडी सुरू करण्यापुरतं लावा, मग टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा). व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, आयडल शक्य तितका कमी ठेवा, तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. त्यानंतर हळूहळू ३,००० पर्यंत चढवत खूण सलग पुढे सरकते का बघा. मध्येच अडकली किंवा उडी मारली तर वजनं किंवा स्प्रिंगा अजून नीट नाहीत. स्थिर आरपीएमवर खूण थरथरत असेल तर बुश.

शेवटी चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अॅक्सिलरेटर द्या. नॉकिंग ऐकू आलं तर २ अंश मागे घ्या. डिलको हाताने फिरवाल तेव्हा ध्यानात ठेवा की त्याचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश, अगदी किंचित सरकवायचा.

गाडी बंद असताना चावी ‘इग्निशन’वर ठेवून रेडिओ ऐकणं आता बंद. साध्या मॉड्यूलमधून तेव्हा पूर्ण ४ अँपिअर सतत वाहू शकतात, म्हणजे जवळपास ५० वॅटची उष्णता, आणि काही मिनिटांत कॉइल किंवा मॉड्यूल संपतं. रेडिओला वेगळी लाइन द्या.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. नीट लावलेल्या नव्या पॉइंटच्या तुलनेत ताकद किंवा अॅव्हरेज लक्षात येण्याइतकं वाढत नाही. दर पाच हजार किलोमीटरला गॅप लावणं सुटतं, लावलेलं टायमिंग सरकत नाही, आणि सहा महिने उभी राहिलेली गाडी पॉइंट घासल्याशिवाय सुरू होते. काढलेली पॉइंट-प्लेट कंडेन्सरसकट, गॅप आधीच लावून, फीलर गेज आणि चांगल्या रोटरसोबत डब्यात डिकीत ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा पूर्वसूचना न देता जातं, आणि घाटात दुरुस्त होण्यासारखं त्यात काही नसतं. प्लेट बदलून घरी येता येतं, फक्त टायमिंग पुन्हा लावावं लागतं, म्हणून पॉइंटच्या वेळची डिलकोची जागा ब्लॉकवर वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर मॉड्यूलचे स्क्रू, डिलकोचा क्लॅम्प आणि रिलेचे लग पुन्हा घट्ट करा, रिंग आणि सेन्सरमधलं अंतर मोजा आणि टायमिंग एकदा तपासा. रोटरखालच्या फेल्टवर दर पाच हजारांना इंजिन ऑइलचे दोन थेंब द्यायचे असतात, ते किटनंतरही सुरूच ठेवा.